शेजाऱ्याची विहीर

वहिनी,

उद्या सकाळी धाराशिवात सभा आहे. भिंतीवर आपल्या भागाचा नकाशा लागेल. पाऊस आणि ऊन असंच बेभरवशाचं होत गेलं तर कोणत्या गावाच्या शेतीला किती धोका आहे, ते त्यावर रंगांनी दाखवलेलं असेल. धोका कमी तिथे हिरवा, मध्यम तिथे पिवळा, जास्त तिथे लाल. वाशीपासून ईटपर्यंतची आम्ही हिंडून पाहिलेली सगळी गावं रंगवून झाली. एकच गाव अजून पांढरं आहे, ते आपलं. ते पांढरं राहिलं ते माझ्या वहिनीमुळे, असं उद्या सांगितलं तर साहेब लोक मला वेड्यात काढतील.

काल तुमचा तेरावा झाला. आज सकाळी पहिल्या एसटीनं मी गावाहून माझ्या घरी परतले. चहा टाकला, तो आटून गेला. दुसरा टाकला, तोही आटला. भांडण अर्धवट सोडून उठायची तुमची रीत नव्हती. ताटावरून उठाल, पण भांडणातून नाही. मग या वेळीच असं का केलंत? मला अजून पुष्कळ बोलायचं आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. आपलं भांडण त्या नावावरूनच होतं. सभेआधी तुमचा शब्द मोडायचा नाही, एवढी लाज मला आहे.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी दोन वेण्यांची शाळकरी पोर होते. तुम्ही तेरजवळच्या, तेरणेच्या काठच्या. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला 'वन्सं' म्हणालात आणि 'तुमी' म्हणालात. एवढ्याशा पोरीला कुणी तुम्ही म्हणतंय याची मला केवढी ऐट होती! पण राग आला की 'वन्सं' कुठल्या कुठे जायचं आणि 'सुमे' निघायचं. "सुमे, तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाय?" खरं सांगू, मला ते 'सुमे' जास्त आवडायचं. आई लवकर गेली होती. माझ्यावर हक्कानं ओरडणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दिवसभर ओरडत बसला असता.

आणि ती विहीर! तुमचे वडील घर बघायला आले तेव्हा अण्णांनी त्यांना रानात नेलं, बांध ओलांडला आणि शेजारच्या तात्यांच्या काठोकाठ भरलेल्या विहिरीवर उभं केलं. "ही आपली," म्हणाले. मी मागोमाग होतेच. "अण्णा, आपली तर तिकडं..." एवढं म्हणते तोच चुलत्यांनी पाठीत असा धपाटा घातला की पुढचे शब्द पोटात गेले. तुमचे वडील खूश होऊन परतले. आणि पहिल्याच उन्हाळ्यात तुम्ही आपल्या खऱ्या विहिरीत पोहरा सोडलात, तो खडकावर ठण्ण वाजला. तुम्ही वाकून आत बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत. मी पळून गेले. त्यानंतर जन्मभर तुमच्या तोंडी एकच टोमणा होता, "तुमच्या बापानं मला शेजाऱ्याची विहीर दाखवून आणलं." अण्णांसमोरसुद्धा म्हणायचा. अण्णा मिशीत हसायचे आणि तंबाखूची पुडी शोधायचे. तुम्हीही हसायचा. पण त्या पहिल्या उन्हाळ्यात गोठ्यात तोंड लपवून रडताना मी तुम्हाला पाहिलं होतं.

म्हणून मला वाटलं होतं, या कामात तुम्ही माझ्या बाजूनं असाल.

आठवतं, मी नवीन काम काय करते ते तुम्ही विचारलंत? तुम्ही भाकरी थापत होता, मी चुलीपाशी पाटावर बसले होते. मी म्हणाले, "समजा वहिनी, कडक ऊन पडलंय. पहिलं बघायचं, ऊन किती आहे. दुसरं, ते लागतं कुणाला किती. सावलीतल्याला कमी, उघड्यावर राबणाऱ्याला जास्त. आणि तिसरं, लागलंच तर उठून बसायची ताकद किती. तोंडावर पाणी मारायला कुणी आहे का, दवाखाना जवळ आहे का. हे तिन्ही मिळून धोका ठरतो."

तुम्ही भाकरी उलटली आणि म्हणालात, "म्हंजी पाऊस किती दडी मारतो, त्यानं सोयाबीन किती जळतं, आन जळल्यावर माणूस काय करतो."

"अगदी तेच."

"मग आपल्या गावाला कुठला रंग?"

"बघावं लागेल. पण लालच होईल. सगळं गाव एका सोयाबीनवर, बोअर आटलेले, दवाखाना वाशीला."

"मग न्हाय लावायचा," तुम्ही म्हणालात आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

मला वाटलं, चेष्टा करताय. उन्हाचंच उदाहरण मी त्या दिवशी का दिलं असेल? दुसरं सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मग गावातली बैठक. महादेवाच्या देवळासमोरच्या फरशीवर आम्ही बायकांकडून रांगोळीचा नकाशा काढून घेतो, हे तुम्हाला मीच हौसेनं सांगितलं होतं. रस्ते पांढरे, रानं हिरवी, पाणी निळं. जी विहीर उन्हाळ्यात आटते तिच्यावर खडा ठेवायचा. कागद बघून दबणारी बाई रांगोळी हातात आली की मोकळी होते, हा माझा अनुभव. पण त्याच दिवशी तुमच्या लेकासाठी, आपल्या अवीसाठी, मुलीकडचे घर बघायला येणार आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही. मी आले तर मुलीचे वडील आणि मामा देवळाच्या पायरीवर पाहुणे म्हणून बसलेले. हातात सरबताचे पेले.

निळ्या रांगोळीचा डबा तुम्ही स्वतःच्या हातात घेतलात. ओढा निळा, तलाव निळा, विहिरी निळ्या. इतकं पाणी आपल्या गावात मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोंडाबाईंनी बिचाऱ्यांनी आपल्या विहिरीवर ठेवायला खडा उचलला, तर तुम्ही हळूच त्यांचा हात धरलात, खडा काढून घेतलात आणि पदराच्या टोकाला बांधून टाकलात. मी सगळं बघत होते. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "उन्हाळ्यात टँकर येतो का?"

 मग तात्या खाकरले. तेच तात्या, विहीरवाले. "टँकर? कसला टँकर? आमच्या गावात म्हशी डुंबत्यात बाई भर उन्हाळ्यात."

सगळ्या बायांनी माना हलवल्या. पाहुण्यांनीही हलवल्या. मला हसू येत होतं आणि संतापानं कानशिलं तापली होती.

पाहुणे गेल्यावर आपण गोठ्यात भांडलो. म्हैस बिचारी कान टवकारून उभी. मी म्हणाले, "वहिनी, हा खेळ नाही. लाल गावांना कामं आधी मिळतात. ओढ्यावर पाणी अडवणं, चाऱ्याची सोय, पाऊस दडी मारायच्या आत पोचणारा सल्ला. आपण हिरवे ठरलो तर हे सगळं दुसरीकडे जाईल. तुम्ही पोरांच्या तोंडचं पाणी पळवताय."

"आन तुमी पोरांच्या डोक्यावरचं बाशिंग पळवताव," तुम्ही म्हणालात. "लाल रंगाच्या गावात लेक कोण देईल? तुमी दिली असती? जा, पारावर बसलेली पोरं बघा. दाढ्या पांढऱ्या व्हाय लागल्या एकेकाच्या. सगळी चांगली, कष्टाळू. पाहुणे येत्यात, चहा पित्यात, पाण्याचं इचारत्यात आन उठून जात्यात. तुमी म्हंता ना, उठून बसायची ताकद? ती ताकद काय आभाळातनं पडती? घरात सून आली, लेकरं आली, की माणूस पडला तरी उठतो. सुनाच न्हाय आल्या तर हे रान कसणार कोण? हे तुमच्या तिसऱ्या भागात कुठं मोजलंय, दावा मला."

वहिनी, मी तेव्हा म्हणाले की विषय बदलू नका.  पण आमच्या मोजणीत जमीन आहे, पाऊस आहे, शिक्षण आहे, रस्ता आहे. गावाची अब्रू कशी मोजायची ते कुणी सांगितलेलं नाही. आणि ज्या गावाला आपण मदतीसाठी लाल करतो, तेच गाव त्या रंगानं आणखी पोरकं होतं का, हेही कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंत, तेही खोटं रेटता रेटता. याचाच तर राग यायचा मला. तुमचं वागणं चूक होतं आणि म्हणणं खरं होतं.

अवीची सोयरीक जमली. सुपारी फुटली. आणि या उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तेव्हा तुम्ही ती अजब युक्ती काढलीत. लग्नसराईत गावात पाहुण्यांची ये-जा, पारापाशी टँकर उभा दिसला की गावाची लाज जाते. म्हणून टँकर गावात आणायचाच नाही. टेकाडाच्या पलीकडे माळावर, एकट्या लिंबाच्या झाडाखाली उभा करायचा. आणि बायांनी भर दुपारी जायचं, कारण त्या उन्हात परगावचा माणूस रस्त्यावर नसतो. गावानं हे एकमतानं मान्य केलं. एरवी ज्या गावाचं गणपतीच्या मिरवणुकीवर एकमत होत नाही, त्या गावानं! मी रजेवर आले होते तेव्हा तुमच्या मागून हंडा घेऊन गेले. लिंबाची सावली टँकरपुरती, रांग सगळी उन्हात. परत येताना तुम्ही टेकाडावर थांबलात, कमरेवर हात ठेवून श्वास घेतलात. मी म्हणाले, "वहिनी, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत ना? टँकर गावात येऊ द्या."

"तितवर जायाला पाय मोडलेत का माझे?"

शेवटचा फोन आठवतोय? मी म्हणाले, सभेची तारीख ठरली, मी खरं सांगणार. तुम्ही आधी 'वन्सं, वन्सं' करून समजावलंत. लगीन होईतवर तोंड बंद ठेवा, मग लाल करा का काळं करा. मी म्हणाले, लग्न दिवाळीनंतर आहे, सभा थांबणार नाही. मग तुमचा आवाज चढला. "सुमे, एक सांगून ठेवती, त्या पोरीला कळायच्या आत गावाचं नाव तुझ्या तोंडातनं निघालं तर माझं तोंड बघू नको." आणि फोन ठेवलात. मला राग असा आला की मी त्या वाक्यातलं निम्मंच ऐकलं. 'तोंड बघू नको' एवढंच. 'पोरीला कळायच्या आत' हे शब्द कानावरून गेले. चार दिवस मी फोन केला नाही, तुम्हीही नाही. मग दादाचा फोन आला. त्यानं नुसतं "सुमे" म्हटलं. दादा मला कधीच सुमे म्हणत नाही.

तुम्ही माळावर पडलात. डोक्यावर भरलेला हंडा होता. बायांनी पदरानं वारा घातला, टँकरचंच पाणी तोंडावर मारलं. वाशीच्या रस्त्याला गाडी लागेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ऊन होतं, वय होतं, रक्तदाब होता. त्या युक्तीनं तुमचा जीव घेतला, असं मी म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण मला ते ठाऊक नाही.

मला जे ठाऊक आहे ते वेगळं आहे, आणि ते ऐका. तिसऱ्या दिवशी भेटायला माणसं येऊ लागली. "कसं झालं हो?" कुणी विचारलं. कोंडाबाई म्हणाल्या, "शेतात गेल्या व्हत्या. तिथंच चक्कर आली." मला वाटलं, त्यांना नीट माहीत नसेल. पण त्या तर तुमच्या मागे रांगेत होत्या! मग तात्याही तेच म्हणाले. शेतात. अवीही मान खाली घालून म्हणाला, शेतात. मुलीकडची माणसं आली, तेव्हा दादानं, माझ्या सख्ख्या भावानं, डोळे पुसत सांगितलं, "शेतात गेली व्हती." वहिनी, तुमचं मरण गावानं माळावरून उचललं आणि शेतात नेऊन ठेवलं. तुम्हीच लावलेली शिस्त तुमच्यावर पाळली. मी आत गेले आणि फडताळाची कड धरून उभी राहिले. तुमची आठवण येत होती आणि तुमचा भयंकर रागही येत होता. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणसानं काय करायचं ते तुम्हीच शिकवायला हवं होतं.

आता कालचं सांगते. ते सांगण्यासाठीच एवढं लिहिलं.

तेराव्याला मुलीचे आईवडील आले आणि त्यांच्यासोबत अवीची अश्विनीही आली. रीत नाही म्हणून बाया कुजबुजल्या. साधी निळी साडी, डोळे सुजलेले. तुमच्या फोटोला हात जोडून ती माझ्याजवळ येऊन बसली. पंगत उठली. तेवढ्यात लांबून टेकाडापलीकडून हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. तुम्हाला ठाऊक आहे तो हॉर्न. मांडवातली सगळी माणसं आहे तिथे थांबली.

"गाडी कसली म्हणायची?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"रोडवरचा ट्रक असंल," तात्या म्हणाले.

मागच्या दारातून आवाज आला, "अगं बायांनो, टिपाड रिकामं झालं, भांडी कशानं घासायची?" आणि लगेच तोही आवाज गप्प झाला. दादा जमिनीकडे बघत होता. अवी दादाकडे. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मी म्हणणार होते, वहिनी, शपथ, पुढच्या क्षणी म्हणणार होते.

पण अश्विनी उठली. सरळ आत गेली आणि तुमचा तो पोचा पडलेला हंडा कमरेवर घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आत्या, माळावर कुठनं जायाचं? मला वाट ठावी न्हाय."

"माळावर काय हाय?" तिचे वडील म्हणाले.

"टँकर थांबतो तिथं."

ती निघाली. मी तिच्यामागे. मग कोंडाबाई उठल्या, मग बाकीच्या बाया, मग पुरुष.  लिंबाखाली टँकर उभा होता. अश्विनी रांगेत जाऊन उभी राहिली. तिचे वडील उन्हात थांबले, टँकरकडे बघितलं, मग दादाकडे. "ही काय भानगड हाय पाव्हणं?"

दादानं टोपी काढली. "माझी बायको इथं पडली," तो म्हणाला. "शेतात न्हाय. इथं. डोक्यावर हंडा व्हता. म्या तुमाला खोटं सांगितलं. पाण्याचंबी खोटंच सांगितलं."

मग तो ड्रायव्हरकडे वळला. "गाडी गावात घे. पारापाशी लाव."

ड्रायव्हर घुटमळला. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो त्या मार्गावर दोनच दिवसांपूर्वी परत आलेला. "पर मालक, मामींनी सांगितलंय गावात आणायची न्हाय म्हणून. रागावत्याल त्या."

"तिचं म्या बघतो," दादा म्हणाला.

वहिनी, तुमच्या चितेपाशी दादा रडला नव्हता. तिथे रडला. टँकर टेकाड चढून गावाकडे निघाला आणि आम्ही सगळे त्याच्या मागून चालत गेलो. पारावरची पोरं उठून उभी राहिली.

येताना मी अश्विनीला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, "मामींनीच. गेल्या त्याच्या चार दिवस आधी. फोन लावला, तोंड दिसतंय तसला. फोन उलटा धरला व्हता, आधी मला नुसतं आभाळच दिसलं. मग म्हणल्या, पोरी, मला शेजाऱ्याची विहीर दाखवून आणलं व्हतं, तुला म्या आमची दाखवती. आन विहिरीत फोन धरला. तळ दिसला. मग म्हणल्या, उन्हाळ्यात माळावरनं पाणी आणावं लागतं. समदं बघ, मग हो म्हण. न्हाय म्हणालीस तर म्या तुझ्या बापाला काय बी कारण सांगीन, तुझ्यावर येऊ द्यायची न्हाय."

"आणि तू हो म्हणालीस?"

"दोन दिवस घेतले, मग म्हणले. खोटं सांगून आणलं असतं तर पहिल्या उन्हाळ्यात माघारी गेले असते, आत्या." तिनं हंडा कमरेवर नीट घेतला. मग म्हणाली, "तुमचं बी सांगितलं त्यांनी. म्हणल्या, आमच्या वन्सं गावाला लाल रंग लावणार हायत, त्या काय ऐकायच्या न्हायत. लावू दे. पर तुला ते भिताडावर बघून कळाय नको. माझ्या तोंडून कळू दे."

म्हणजे मला तोंड बंद ठेवायला सांगून तुम्ही स्वतः विहिरीत फोन धरून बसला होता! अख्ख्या गावाला निळ्या रांगोळीत बुडवलंत आणि जिला सांगायला हवं तिला एकटीला खरं सांगितलंत. मग मला का नाही सांगितलंत, बाई? एका वाक्याचं तर काम होतं. की सांगणार होता आणि मी चार दिवस फोन केला नाही? हे आता कुणाला विचारू?

तिचे वडील परत गेले. चहा घेतला नाही. जाताना दादाला एवढंच म्हणाले, "घरी बोलतो, मग कळवतो." आज सकाळी अश्विनीचा फोन आला. "बाबा अजून बोलत न्हायत. कायबी झालं तरी तुमी सभेत सांगायचं ते सांगा." लग्न राहील की मोडेल, मला ठाऊक नाही. उद्या नकाशा लाल झाला तर मोडायला आणखी एक कारण मिळेल, हेही कळतंय. अवीनं मला आज सकाळी एसटीत बसवून दिलं तेव्हा तो खिडकीचे गज धरून उभा राहिला. भीती वाटते, वहिनी. पहिल्यांदाच या कामाची भीती वाटते.

तरी उद्या मी आपल्या गावाचं नाव घेणार. लाल म्हणून घेणार. आणि तेवढ्यावर खाली बसणार नाही. तुमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणार आहे, तुमच्याच शब्दांत. लाल केलेल्या गावात सून कशी येणार, आणि ती आली नाही तर ते गाव कुणाच्या जिवावर उठून बसणार, ते तुमच्या तिसऱ्या भागात कुठे मोजलंय, दावा मला. साहेब लोक हसतील कदाचित. एखादा विचारेल की ही बाई कोण, कोणत्या पदावर. मी सांगेन, माझी वहिनी.

निघताना देवळापाशी गेले होते. फरशी धुतलेली, रांगोळीचा मागमूस नाही. तुमच्या पातळाच्या टोकाला गाठ मारलेला तो खडा मात्र सापडला, धुणं आवरताना. कोंडाबाईंना परत द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, ठेव तुझ्यापाशी, पुढच्या वेळी मीच ठेवीन विहिरीवर. तो माझ्या पिशवीत आहे.

उद्या गावाचं नाव घेताना माझा आवाज नीट राहील असं वाटत नाही. तुमच्या हट्टापुढे माझा हट्ट नेहमीच तोकडा पडायचा. पण पोरीला कळलंय वहिनी, तुमची अट पुरी झाली आहे. आता रागवायचं असेल तर रागवा. सगळ्या सभेत ऐकू जाईल असं ओरडा. फक्त वन्सं म्हणू नका. सुमे म्हणा.